तीनदा मोजलेल्या खुर्च्या

गावातल्या निम्म्या घरांत हसाकाकांच्या हातचं एक तरी लग्न कपाटात जपून ठेवलेलं आहे, आणि त्यांतल्या एकाही लग्नात एकही खुर्ची रिकामी नाही. आता इतक्या वर्षांत कधी पाऊस असेल, कधी मुलांच्या परीक्षा, कधी दोन्हीकडच्या मंडळींचं आधीच वाजलेलं. सगळीच लग्नं काही तुडुंब भरलेली नव्हती. पण हसाकाकांच्या कॅमेऱ्यात ती भरायची. हे कसं होतं, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. ज्याचं लग्न त्याला आपलं सभागृह भरलेलंच आठवतं. कॅमेऱ्यानेही तेच दाखवल्यावर तक्रार कोण करणार?

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. तान्ह्या बाळापासून ते ओळखपत्राच्या फोटोला आलेल्या फौजदारापर्यंत सगळ्यांना ते एकाच आवाजात "जरा हसा" म्हणतात, म्हणून ते हसाकाका. स्वतः मात्र फारसे हसत नाहीत. काकी म्हणतात, "सगळं हसू दुकानात वाटून संपवतात, घरी येतो तो रिकामा डबा." काकी दुकानाच्या मागच्या खोलीत फोटोंना चौकटी करतात. त्यांच्या हातात हातोडी असते, त्यामुळे त्यांना सहसा कुणी उलट बोलत नाही.

हसाकाका ज्या म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे धंदा शिकले, त्याचं एकच तत्त्व होतं: झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न कसं झालं ते लग्नाच्या दिवशी ठरत नाही, माणसं पुढची चाळीस वर्षं काय बघतात त्यावर ठरतं, असं तो सांगायचा. पाहुणे कमी आले तर घाबरायचं नाही. त्याच खुर्च्या एकदा डावीकडून घ्यायच्या, कॅमेरा बंद करून उजवीकडे जायचं आणि पुन्हा घ्यायच्या, मग मागे जाऊन डोक्यांच्या उंचीवरून तिसऱ्यांदा. बघणाऱ्याला तीन बाजूंना तीन गर्द्या दिसतात. याला म्हातारा 'खुर्च्यांना मान देणं' म्हणायचा. आणि जेवणं सुरू झाली की कॅमेरा खाली. तोंडात घास असलेला माणूस, मग तो राजा का असेना, बावळटच दिसतो. हसाकाकांनी तीस वर्षांत कुणाचा घास टिपला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

पण अलीकडे धंदा बसला होता. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा. नवरीची बहीणच फोनवर सगळं लग्न उरकून टाकते, वर त्याला गाणंही लावते. त्यातच निवडणूक लागली आणि निवडणूक कार्यालयाला सभा टिपायला माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा हसाकाकांनी अर्ज केला. काकींनी त्यांचा जुना कोट झटकून दिला. सरकारी काम म्हणजे कोट हवाच, असं त्यांना वाटलं.

कार्यालयात त्यांना काम समजावलं ते खर्च कारकुनाने. हा एक किडकिडीत, सरळमार्गी माणूस. बोलताना समोरच्या टेबलावरच्या वस्तू मोजायची त्याला खोड होती.

"उमेदवाराने निवडणुकीत किती पैसा ओतायचा याला कायद्याने मर्यादा आहे," तो म्हणाला. "नाहीतर ज्याची थैली मोठी त्याचंच राज्य. आता खर्च किती केला हे तो स्वतः लिहून देतो. पण आपणच लिहायचं नि आपणच खरं म्हणायचं, असं कसं चालेल? म्हणून तुम्ही सभा टिपायची आणि आम्ही इथे बसून मोजायचं. खुर्च्या किती, कर्णे किती, फलक किती, जेवण होतं का. प्रत्येक वस्तूचा दर ठरलेला आहे. त्यांचा आकडा आणि आमचा आकडा जुळला पाहिजे."

"आणि एखादी गोष्ट कॅमेऱ्यात आलीच नाही तर?"

"मग ती झालीच नाही असं धरायचं."

"म्हणजे अगदी लग्नासारखंच की," हसाकाका म्हणाले.

कारकून हसला. हसाकाकांनी मान डोलावली. आपलं एकमेकांना नीट समजलं, असं दोघांनाही वाटलं. गैरसमज व्हायला भांडण लागत नाही, इतकी सहमती पुरते.

उमेदवार पुष्कळ होते, पण लोकांच्या तोंडी नावं दोनच. एक बिल्डर. गावातल्या नव्या इमारती त्याच्या, त्यांच्यासमोरचे रस्ते त्याच्या मेहुण्याचे, आणि त्या रस्त्यांवरचे खड्डे, गावाच्या म्हणण्याप्रमाणे, दोघांच्या भागीदारीतले. दुसऱ्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या बाई. गावातल्या तरण्याताठ्या पुरुषांनीही त्यांना सुई हातात घेतलेलं पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर छाती काढून कुणी उभं राहत नसे. काकींना एकदा टायफॉइड उलटला होता, तेव्हा सिस्टर आपली पाळी संपल्यावरही खाटेशी बसून राहायच्या. हसाकाका ते विसरले नव्हते.

सिस्टरनी आपल्या फाटकाबाहेर शाळेतल्यासारखा एक काळा फळा टांगला होता. आज कुणी किती दिले, आज कशावर किती गेले, हे त्या रोज संध्याकाळी खडूने लिहीत. लोक दळणाला जाता-येता थांबून वाचत. सिस्टर म्हणायच्या, "सलाईनची बाटली सगळ्यांना दिसेल अशी टांगतो की नाही? किती गेलं, किती राहिलं, ते पेशंटच्या आईलाही कळतं. पैशाचं तसंच असावं. आतल्या खोलीत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून लोक घाबरतात, आणि मग म्हणतात सगळेच चोर." बऱ्याच वर्षांत गावाने निवडणुकीबद्दल कुणाला इतकं साधं बोलताना ऐकलं नव्हतं. फळ्यासमोरची गर्दी वाढायला लागली.

फळ्यासमोर गर्दी होती, सभेला नव्हती. सिस्टरची पहिली सभा शाळेच्या पटांगणावर झाली, भर दुपारी, कारण तेव्हा पटांगणाचं भाडं निम्मं असतं. खुर्च्या ऐंशी. माणसं साठेक. त्यातही सभेला आलेला माणूस पहिल्या रांगेत बसला तर त्याच्याकडून वर्गणी मागतील अशी सगळ्यांची समजूत असते, त्यामुळे पुढच्या दोन रांगा ओस. सिस्टर ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या, कागद सरळ केला, आणि त्या रिकाम्या रांगांकडे बघून बोलायला लागल्या.

हसाकाकांनी कॅमेऱ्यातून ते पाहिलं. ज्या बाईने आपल्या बायकोला मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिची ही दशा कॅमेऱ्यात पकडायची? त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि तीस वर्षांची विद्या पणाला लावली. डावीकडून घेतलं. उजवीकडून घेतलं. मागे जाऊन, वाकून, डोक्यांच्या उंचीवरून घेतलं. स्टेजवरचा एकुलता एक कापडी फलक तीन कोनांतून घेतला. दोन कर्णे झाडांच्या आडून असे काही टिपले की पटांगणभर कर्णेच कर्णे वाटावेत. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला उठवायचं नाही, काटछाट करायची नाही, कार्ड संध्याकाळी जसंच्या तसं द्यायचं, हे सगळे नियम त्यांनी काटेकोर पाळले. घरी येऊन काकींना म्हणाले, "आज सिस्टरचं ऋण थोडं फेडलं बघ."

दोन दिवसांनी बिल्डरची सभा झाली. मोठं मैदान, जिकडे बघावं तिकडे खुर्च्या, आणि मागच्या अर्ध्या भागात त्या रिकाम्या. हसाकाकांनी सवयीने तो भाग टाळला. पुढच्या गर्दीतले चेहरे घेतले, टाळ्या घेतल्या, बापाच्या खांद्यावरची एक झोपाळू मुलगी घेतली. मग मैदानाच्या कडेच्या मोठ्या मांडवात जेवणं सुरू झाली. हजारभर माणूस असेल. हसाकाकांनी सभ्यपणे कॅमेरा उतरवला, झाडाखाली ठेवला आणि एका ड्रायव्हरशी गप्पा मारत पाणी प्यायले.

आठवड्याभराने खर्च कारकून दुकानात आला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने काऊंटरच्या काचेवर एक कागद ठेवला आणि खालचे फोटो मोजत म्हणाला, "काका, एक सही हवी होती. चित्रीकरण माझंच आहे आणि खरं आहे, एवढंच. सिस्टरना नोटीस गेलीय."

"नोटीस? कशाबद्दल?"

"खोटा हिशेब. त्यांनी लिहिलंय खुर्च्या ऐंशी. आम्ही मोजल्या एकशे ऐंशी. कर्णे दोनाचे सहा, फलक एकाचे तीन. खर्च दुपटीच्या वर आणि दाखवला निम्माही नाही. परवा सुनावणी आहे. खुलासा पटला नाही तर उमेदवारी रद्द." त्याने सुस्कारा सोडला. "मलाही वाईट वाटलं हो. मला लहानपणी त्यांनीच टोचलं होतं. पण डोळ्यांनी दिसतंय ते कसं नाकारायचं? त्यांच्यापेक्षा बिल्डरचा हिशेब स्वच्छ. जेवढ्या खुर्च्या लिहिल्या त्याहून आम्हाला कमीच सापडल्या. जेवणावळ तर नव्हतीच."

हसाकाकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. चष्मा सापडत नाही, सुनावणीलाच येऊन सही करतो, असं काहीतरी ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. कारकुनाला वाटलं, म्हातारपण.

तोवर बातमी गावभर झालीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण फाशी बघायला गर्दी संन्याशाच्याच वेळेला जास्त होते. ज्यांनी फळ्यासमोर थांबून मान डोलावली होती, तेच आता म्हणत होते, "बघा! आणि निघाल्या होत्या जगाला हिशेब शिकवायला." फळ्यावर सकाळी कुणीतरी लिहून गेलं होतं: बाकीच्या खुर्च्या कुठे? सिस्टरनी ते पुसलं नव्हतं. खाली नेहमीसारखा त्या दिवसाचा खर्च लिहिला होता.

हसाकाकांनी मागच्या खोलीत जाऊन काकींना सगळं सांगितलं. काकींनी तोंडातले खिळे काढले.

"म्हणजे तुमच्यामुळे?"

"माझ्यामुळे."

"मग सांगून टाका जाऊन."

"अगं, काय सांगू? की मी एकाच्या तीन खुर्च्या करतो? तीस वर्षं करत आलो? उद्या गावातला प्रत्येक माणूस आपल्या लग्नाची फिल्म काढून बघेल. यंदा मोजून चार लग्नं आहेत हातात."

काकींनी हातातले खिळे डबीत टाकले. मग म्हणाल्या, "इकडे आड नि तिकडे विहीर आहे खरं. चार लग्नं गेली तर दिवस कठीण जातील, मी काही नाही म्हणत नाही. पण अहो, त्या बाई इकडून जातात तेव्हा दारात थांबून माझी चौकशी करतात. परवाही करतील. तेव्हा मी आत जाऊन दडून बसायचं का?"

"तसं नाही."

"मग कसं?"

हसाकाका दुकानात येऊन बसले. लोकांच्या लग्नाची लाज राखणं हे त्यांनी आजवर पुण्याचं काम मानलं होतं, आणि त्याच कामाने त्यांनी एका सरळ बाईला खोटं पाडलं होतं. त्यांना स्वतःची विलक्षण शरम वाटली. भीतीही वाटत होतीच. शरम आली म्हणून भीती जात नाही.

सुनावणी कार्यालयाच्या लांबट खोलीत होती. टेबलाच्या एका टोकाला अधिकारी मॅडम, बाजूला कारकून, एकीकडे सिस्टर एकट्या आणि दुसरीकडे बिल्डरचा वकील, कारण तक्रार त्याचीच होती. भिंतीलगतच्या बाकांवर वार्ताहर आणि रिकामटेकडे मिळून बरीच मंडळी दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर सिस्टरची सभा सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर ती फार सुंदर दिसत होती. बाकांवरून कुणीतरी "वा" म्हणालं.

"हे चित्रीकरण तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"माझंच."

"आणि खरं आहे?"

हसाकाका उभे राहिले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मॅडम, माणसं खरी आहेत, खुर्च्याही खऱ्या आहेत. पण त्या त्याच आहेत."

"त्याच म्हणजे?"

"डावीकडून घेतल्या त्याच उजवीकडून घेतल्या. मागूनही त्याच. हे गृहस्थ बघा, टकलावर चिकटपट्टी लावलेले. जरा पुढे न्या… हे पुन्हा आले. आणखी पुढे… हे बघा, तिसऱ्यांदा."

खोलीत खसखस पिकली. मॅडम कारकुनाकडे वळल्या. "तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं, मॅडम," कारकून ओशाळून म्हणाला. "मला वाटलं, भाऊ असतील."

"तिघंही टकले? आणि तिघांच्याही डोक्याला पट्टी?"

"म्हटलं, घरात काही पडलं असेल."

आता मॅडमनाही हसू आवरेना. हसल्या नाहीत त्या फक्त सिस्टर. त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या, कुणाला तरी शोधावं तसं.

"पण असं केलंत का?" मॅडमनी विचारलं.

"सवय, मॅडम. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की घरच्यांना वाईट वाटतं."

"हे लग्न नव्हतं."

"हो. ते मला फार उशिरा कळलं."

इथे बसता आलं असतं. सिस्टर सुटल्या होत्या. पण मॅडमनी सहज विचारलं, "मग दुसऱ्या सभेचं काय?" आणि हसाकाकांना एकदा उघडलेलं तोंड अर्धं मिटता येईना. त्यांनी तेही सांगितलं. मैदानाचा मागचा अर्धा भाग टिपलाच नव्हता, आणि जेवणाचा मांडवही नाही.

"जेवण होतं?"

"हजारभर माणसांचं असेल."

"आणि तुम्ही ते टिपलं नाही?"

"जेवणाऱ्याचा घास टिपत नाही मी, मॅडम."

यावर कुणी हसलं नाही. बिल्डरचा वकील मात्र उठून उभा राहिला. "मॅडम, हा गृहस्थ आत्ताच म्हणाला की याच्या चित्रीकरणावर भरवसा ठेवता येत नाही. मग एकाच्या बाबतीत ठेवायचा नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत याच्या नुसत्या तोंडावर ठेवायचा, हा कुठला न्याय? बाद करायचं तर सगळंच बाद करा."

मॅडमनी बराच वेळ समोरचं नियमांचं पुस्तक चाळलं. तोंड वाकडं करूनच त्यांनी निर्णय दिला, पण दिला तो हाच: आजवरचं सगळं चित्रीकरण बाद, ज्याने जो हिशेब लिहून दिला तो मान्य, आणि हसाकाकांना कामावरून कमी करण्यात येत आहे. मोबदला मिळणार नाही.

जिन्यात वकिलाने त्यांचा हात हातात घेतला. "काका, उपकार झाले. कधी काही लागलं तर सांगा." हसाकाका घरी येईपर्यंत तो हात कोटाला पुसत होते.

गावाने पुढचे काही दिवस दुसरं काही केलं नाही. घरोघर कपाटं उघडली, लग्नाच्या फिल्मा लावल्या आणि लोक माणसं मोजायला बसले. एका घरात एकच आत्या सात ठिकाणी सापडली. आपल्या लग्नाला चारशे माणसं होती असं ज्याने जन्मभर बायकोला ऐकवलं, त्याची निघाली दीडशे, तीही वाजंत्री नि वाढपी धरून. काही जण पोट धरून हसले, काही जण खरोखर दुखावले. चारातली दोन लग्नं रद्द झाली. पण हसाकाकांना त्याहून लागलं ते वेगळंच. चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते, "बघा, सरकारी कॅमेरासुद्धा खोटा! मोजणारे आंधळे, दाखवणारे लबाड. सगळे एका माळेचे मणी." त्या माळेत लोकांनी सिस्टरनाही ओवलं होतं. खरं बोललं की खोटं संपतं, अशी हसाकाकांची भाबडी समजूत होती. इथे तर खरं बोलल्याने खऱ्याचीच पत गेली होती.

मतदानाला चार दिवस असताना एका दुपारी सिस्टर दुकानात आल्या. काकी एका हातात हातोडी तशीच ठेवून लगबगीने पाणी घेऊन बाहेर आल्या. सिस्टरनी पाणी घेतलं, काकींची चौकशी केली आणि मग हसाकाकांकडे वळल्या.

"तुम्ही सुनावणीत खरं बोललात. त्याबद्दल आभार मानायला हवेत, पण मला राग आलाय, तो आधी सांगते."

"सांगा, सिस्टर."

"भर उन्हात साठ माणसं आली होती. कामं टाकून. मला ती पुष्कळ होती. मी खूश होते हो त्या दिवशी! आणि तुम्ही बघितलंत ते काय, तर रिकाम्या खुर्च्या. तुम्हाला माझी दया आली. माझी माणसं तुम्हाला कमी वाटली."

या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि प्रत्येक शब्द हसाकाकांना आरपार गेला.

"बरं, ते झालं," सिस्टर म्हणाल्या. आवाज खाली आला. "आता एक विचारायचंय. माझा मोठा भाऊ आहे, दादा. गावाबाहेर राहतो. मी उभी राहिले तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तो आयुष्यात कधी मत द्यायला गेलेला नाही. म्हणतो, सगळे चोर, आणि तू त्यांच्यात चाललीस. मला कुणीतरी म्हणालं की त्या दिवशी सभेत अगदी मागे दादासारखं कुणी बसलं होतं. त्या पडद्यावर मी त्यालाच शोधत होते. तिन्ही वेळा शोधला. नव्हता."

हसाकाकांनी डोळे मिटले. पाहुण्यांतला रुसलेला नातेवाईक त्यांना दुरून ओळखू येतो. या धंद्यात तो ओळखावाच लागतो, म्हणजे कॅमेरा दुसरीकडे वळवता येतो.

"बदामी शर्ट," ते म्हणाले. "हाताची घडी. शेवटच्या रांगेत, एकटे, आजूबाजूला सगळ्या खुर्च्या रिकाम्या. सभा सुरू व्हायच्या आधी आले होते आणि तुमचं भाषण संपेपर्यंत हलले नाहीत. मीच कॅमेरा वळवला, सिस्टर. ते चित्रात नाहीत. पण होते."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्या माणसाच्या कामावर अख्खं गाव हसत होतं, त्याचा नुसता शब्द होता हा, पुरावा काही नव्हता. त्यांनी पर्समधून फोन काढला. दवाखान्यातल्या गोंगाटाने त्यांचे कान मंद झालेले, त्यामुळे फोनचा आवाज पूर्ण मोठा असतो आणि पलीकडचं बोलणंही चार माणसांना ऐकू जातं.

"दादा, मी बोलतेय. ठेवू नकोस. तू माझ्या सभेला आला होतास."

"कोण म्हणालं?"

"हसाकाका."

"त्या माणसाचं काय खरं धरतेस? साऱ्या गावाला माहितेय तो कसा आहे."

"धरते मी. आला होतास ना?"

काकींनी हातोडी अलगद काऊंटरवर ठेवली.

"आलो होतो," दादा म्हणाला. "तुझ्या फळ्यावरचा आकडा पडताळायला. खुर्च्या मोजल्या मी. ऐंशीच होत्या."

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. "तुला माहीत होतं? सारं गाव मला चोर म्हणत होतं आणि तुला माहीत होतं? मग दादा, तू बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार होतो?" त्याचा आवाज फाटला. "जन्मभर लोकांना सांगत आलो, सगळे चोर. माझ्याच बहिणीचा हिशेब बरोबर निघाला, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

सिस्टरनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. हसाकाका मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती. ती लपवायला कॅमेरा नव्हता.

"उद्या शेवटची सभा आहे," सिस्टर म्हणाल्या. "येशील?"

"खुर्च्या किती सांगितल्यास?"

"पन्नास."

"एक वाढव," दादा म्हणाला. "आणि भाडं फळ्यावर लिही. मी बघायला येणार आहे."